विहाराच्या अभ्यासिकेसाठी बाबासाहेबांची कोणती पुस्तकं घ्यावीत?

जय भीम. तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात विहाराला लागून एक खोली आहे, तिथे अभ्यासिका काढायची आहे. वर्गणीचे दहा हजार जमलेत, आणि बाबासाहेबांवरची कोणती पुस्तकं घ्यावी हे ठरत नाहीये.

माझं मत स्पष्ट आहे. बाबासाहेबांवर लिहिलेली पुस्तकं नंतर घ्या, त्यांनी स्वतः लिहिलेलं-बोललेलं आधी. गावोगावच्या कपाटांत बारीक बारीक वीस चरित्रं असतात, सगळ्यांत तेच प्रसंग असतात, आणि बाबासाहेबांचं स्वतःचं एक अख्खं भाषण मात्र सापडत नाही.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. सुरुवातीचे संपादक वसंत मून, आपल्या नागपूरचे. बहुतेक खंड इंग्रजीत आहेत, म्हणून सगळा संच घेण्याच्या मोहात पडू नका. तुम्ही आधी १८ वा खंड घ्या. तो मराठी आहे आणि त्याचे तीन भाग आहेत: १९२० ते ३६, १९३७ ते ४५ आणि १९४६ ते ५६. सभेत लोकांसमोर ते कसे बोलत, कुठे रागावत, कुठे हिशेब मांडत, ते इथे कळतं. तिसऱ्या भागात १५ ऑक्टोबर १९५६ चं, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं नागपूरचं भाषण वाचा. नागपूरच का निवडलं, याचं उत्तर त्यांनी तिथे स्वतः दिलं आहे: नाग लोक, त्यांनी केलेला बुद्धधम्माचा प्रसार, नाग नदी. नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात आधी चौकशी करूनच जा, कारण एखादा भाग संपलेला असला की फेरा वाया जातो. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. त्यावर पैसे घालू नका.

त्या इंग्रजीतलं एक मात्र गावात पोचलंच पाहिजे. पहिल्या खंडात १९१८ चा लेख आहे, शेतीच्या लहान तुकड्यांवरचा. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, असं ते म्हणतात. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती श्रम आणि भांडवल लागतं त्यावर ठरतं. शेतीवर नको इतकी माणसं अवलंबून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळालं पाहिजे. तीन एकर कापूस-तुरीवर पाच माणसांचं घर चालवणाऱ्याला हा लेख परका वाटणार नाही. इंग्रजी येणाऱ्या शिक्षकांकडून तो दोन बैठकांत मराठीत समजावून घ्या.

आता आवृत्तीचं बघा, कारण पैसे इथेच बुडतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०१७ पासून कोणालाही छापता येतात. पुस्तकं स्वस्त झाली, ते चांगलंच झालं. पण त्यासोबत अनुवादकाचं नाव नसलेल्या, परिच्छेद गाळलेल्या प्रतीही बाजारात आल्या. विकत घेण्याआधी शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष, तिन्ही असतील तरच घ्या. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे मराठी अनुवाद वेगवेगळ्या नावांनी मिळतात. नाव वेगळं दिसलं म्हणून तेच पुस्तक दोनदा घेऊ नका. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने सभा रद्द केल्यावर, त्या सभेसाठी लिहिलेलं हे भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतः छापलं, हे प्रस्तावनेत येतं. ती प्रस्तावनाच गाळलेली असेल तर ती प्रत घेऊ नका.

दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या वेळी दुकानं लागतात तेव्हा निवड सर्वांत मोठी असते, पण गर्दीत बांधणी कोणी बघत नाही. पुस्तक बरोबर मधोमध उघडा आणि शिवणीत दोरा दिसतो का पाहा. नुसत्या गोंदाची बांधणी आपल्या मे महिन्यात टिनाखाली तडकते, आणि जूनपर्यंत पानं सुटी होतात. जाड पुस्तक दोऱ्याचंच घ्या.

चरित्र एकच घ्यायचं तर धनंजय कीर यांचं. त्यांचं इंग्रजी चरित्र १९५४ चं, म्हणून त्याच्या पहिल्या आवृत्तीत धर्मांतर नाही. मराठी चरित्र १९६६ चं आहे, त्यात सगळं येतं. खैरमोडे यांचं अनेक खंडांचं चरित्र मोलाचं आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. बायकांसाठी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (ऊर्मिला पवार, मीनाक्षी मून) नक्की घ्या. चळवळीतल्या बायका त्यात स्वतः बोलतात. वसंत मून यांचं ‘वस्ती’ही घ्या, ते नागपूरचं आहे.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या मात्र दोन प्रती घ्या, एक कपाटात आणि एक वर्षावासाच्या वाचनाला. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत नव्वदेक संध्याकाळी मिळतात, रोज पाच पानांत पुस्तक पुरं होतं. बायामाणसं निंदणावरून येऊन जेवणं आटोपतात तोवर आठ वाजतात, त्याआधी सुरू करू नका. परिच्छेदांना आकडे आहेत, त्यामुळे आकड्यावर वाचणारा बदलता येतो आणि शाळेतल्या पोरींनाही वाचायला मिळतं. तिसऱ्या-चौथ्या भागात शिकवण आणि ‘धर्म व धम्म’ यांची चर्चा येते, तिथे ऐकणारे गळतात. तसं दिसलं त्या दिवशी दोनच पानं घ्या आणि उरलेल्या वेळात प्रश्न होऊ द्या.

जयंतीच्या फलकावरचं वाक्यही पुस्तकातूनच उतरवा, मोबाईलवरून नको. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ आपण सगळेच म्हणतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत जो क्रम दिला, त्यात शिक्षणानंतर चेतवणं येतं आणि संघटन शेवटी. पोरांना हे पुस्तक उघडून दाखवलं की खंड आणि पान विचारायची सवय लागते.

दहापैकी हजार-दीड हजार मागे ठेवा, नोंदवही, प्लास्टिकची कव्हरं आणि सुटलेल्या पुस्तकांच्या बांधणीसाठी. कपाट लोखंडी घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर ठेवा. उधळी म्हणजे वाळवी भिंतीतून येते, आणि मातीची पहिली रेघ मागच्या बाजूलाच दिसते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारं उघडून पुस्तकांना वारा द्या. कडक उन्हात मांडू नका, पुठ्ठे वाकतात. आणि किल्ली दोघांकडे असू द्या, त्यातली एक विहाराजवळ राहणाऱ्या बाईकडे, म्हणजे अध्यक्ष तालुक्याला गेले म्हणून पोरांना परत जावं लागणार नाही.