आयएसओ टाकली, पण कॉम्प्युटर उठंना

ह्या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरायलीत, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, मिंट, उबंटू, डेबियन हे तिचेच प्रकार) टाकायचा पेनड्राइव्ह कसा बनवायचा. कारण उघड आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घराघरातल्या, शाळांमधल्या चांगल्या चालत्या मशीनींना विंडोज ११ नको म्हणतंय. म्हणून ह्या अंकात दुसरं काही घेतलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सेनगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडं पाच कॉम्प्युटर आहेत, त्यातले दोन लई जुने. विंडोज ११ चढत नाही म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री लावून लिनक्स मिंट उतरवलं, आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली, पण कॉम्प्युटर त्यावरून चालूच होईना. फाईल तर दिसायलीय. काय चुकलं?
(एक शिक्षक, जि. हिंगोली)

उत्तर : सर, दोन रात्री जागून तीन जीबीची फाईल उतरवली आणि शेवटच्या पायरीवर अडलात ह्याचं मला खरंच वाईट वाटलं, पण काळजी करू नका, फाईल वाया गेलेली नाही. आयएसओ म्हणजे एका पूर्ण डिस्कचा जसाच्या तसा साचा असतो, त्यात चालू व्हायचा भाग, आतल्या फायली, त्यांची मांडणी सगळं एका पाकिटात बंद. तुम्ही ते पाकीटच पेनड्राइव्हवर ठेवलंत. सोयाबीनची पिशवी शेताच्या बांधावर नेऊन ठेवली म्हणजे पेरणी होत नाही, पिशवी फोडून दाणा तासात पडावा लागतो, इथंही तसंच आहे. मशीन चालू होताना पेनड्राइव्हवर ठरलेल्या जागी बूटची, म्हणजे मशीन चालू करणारी फाईल शोधतं आणि तिथं त्याला काहीच सापडत नाही, मग ते गुपचूप हार्डडिस्ककडं जातं. म्हणून आयएसओ कॉपी करायची नसते, ती पेनड्राइव्हवर 'लिहायची' असते आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

पण लिहायच्या आधी एक काम करा, आणि हे मी हात जोडून सांगते कारण दहातले नऊ जण ते टाळतात. आपण घरचं सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघतो ना, सत्तरच्या खाली गेली तर ते बियाणं पेरत नाही, तशी ह्या फाईलची तपासणी असते. मिंटच्या वेबसाईटवर डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ म्हणून ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. तुमच्या विंडोजमधे सेव्हन-झिप असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचए मधे जाऊन एसएचए-२५६ निवडा, दोनेक मिनिटात ते तुमच्या फाईलची ओळ काढून देतं. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तर फाईल पूर्ण उतरली. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाईल टाकून द्या, 'जवळजवळ सारखी' असं इथं काही नसतं. हॉटस्पॉटवर मधेच रेंज जाऊन उतरवलेल्या फाईलमधे तर हे हमखास होतं आणि मग इन्स्टॉलेशन अर्ध्यावर जाऊन अडकतं आणि माणूस म्हणतो लिनक्सच खराब. मी आणि माझा भाचा जोडीनं जुळवतो, तो मोबाईलवरून चार-चार अक्षरं वाचतो, 'ई तीन बी शून्य', मी स्क्रीनवर बोट ठेवून पुढं सरकते. त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं, त्यामुळं गोल दिसलं की ते शून्यच, ओ नाही.

आणि फाईल वेबसाईटवरून घेतली म्हणून ती खरीच असंही नसतं. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटच्या वेबसाईटमधे हॅकर घुसले होते आणि १७.३ सिनॅमनची डाउनलोडची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली आयएसओ लावली होती, मिंटवाल्यांनी लगेच जाहीर करून साईट बंद केली म्हणून फार पसरलं नाही. शाळेच्या मशीनवर लेकरांची माहिती असते, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या साईटवरून किंवा कुणी टेलिग्रामवर पाठवलेली आयएसओ घेऊ नका.

आता लिहायचं. विंडोजवर रूफस म्हणून छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, डबल क्लिक केलं की उघडतं. पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबीचा घ्या आणि त्यातलं सगळं आधी दुसरीकडं काढून ठेवा, कारण सगळं पुसलं जाणार आहे. वर डिव्हाइसमधे तुमचाच पेनड्राइव्ह दिसतोय का हे नावावरून आणि साइजवरून दोनदा बघा, खाली सिलेक्ट दाबून आयएसओ निवडा. तुमच्याकडं नवी-जुनी दोन्ही मशीनं आहेत म्हणून पार्टिशन स्कीममधे एमबीआर ठेवा, म्हणजे तो जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर (मशीन चालू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचे हे जुने-नवे प्रकार) दोन्हीकडं उठतो. बाकी कशाला हात लावू नका. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ मोड का डीडी मोड असं विचारेल, पहिल्या वेळी आयएसओ मोड घ्या, त्यानं मशीन उठलंच नाही तर परत लिहा आणि डीडी मोड घ्या. हिरवी पट्टी भरली, 'रेडी' आलं की मगच, आणि तेसुद्धा सेफली इजेक्ट करूनच काढा. पट्टी भरली म्हणून झटकन ओढून काढला आणि शेवटच्या फायली लिहिल्याच गेल्या नाहीत असं मी कितीदा बघितलंय. आणि यूपीएस नसेल तर लाईट जायच्या वेळा बघून लिहायला बसा, नाहीतर हेच काम लॅपटॉपवर करा.

एक गोष्ट राहिली. पेनड्राइव्हवरून मिंट उठलं की लगेच इन्स्टॉलचं बटण दाबू नका. ते लाईव्ह चालतं, म्हणजे हार्डडिस्कला हात न लावता. तिथंच आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रिंटर ओळखतं का, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो का हे सगळं बघून घ्या. तुमच्या शाळेच्या जुन्या फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर त्यांचे फॉन्टसुद्धा आधीच वेगळे काढून ठेवा, नाहीतर मागच्या दहा वर्षांचे निकाल उघडतील पण अक्षर लागणार नाही. दोन जुन्या मशीनींसाठी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. २ जीबी रॅम असेल तर चालेल, ४ असेल तर बरं.

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईला शिकतो. मित्राच्या पेनड्राइव्हवर लिनक्स लिहिलं, काम झालं, पण आता त्याचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमधे फक्त ४-५ एमबी दाखवायलाय. दुकानदार म्हणतो जळाला. मित्र नवीन मागायलाय. खरंच जळला का?
(एक विद्यार्थी, जि. बीड)

उत्तर : जळला नाही रे बाळा, नवीन घेऊ नको. डीडी पद्धतीनं लिहिलं की आयएसओमधली मांडणी पेनड्राइव्हवर जशीच्या तशी बसते, त्यातला मोठा भाग विंडोजला वाचता येत नाही आणि बूटसाठी ठेवलेला छोटा तुकडा तेवढा दिसतो, त्यालाच तुम्ही ४ एमबी म्हणताय. रूफस उघड, बूट सिलेक्शनमधे नॉन बूटेबल निवड आणि स्टार्ट दाब, पूर्ण ३२ परत येतील. (थोडे कमी दिसतील, २९ च्या आसपास, ते मोजायच्या पद्धतीमुळं, त्यात काही गेलेलं नसतं.)

दुसरा रस्ता डिस्कपार्टचा (विंडोजमधली डिस्क साफ करायची कमांड) आहे, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, मग क्लीन. तो मी तुला मुद्दाम दुसरा सांगतेय. तिथं नंबर चुकला तर पेनड्राइव्हऐवजी अख्खी हार्डडिस्क साफ होते आणि ते एकदासुद्धा 'नक्की का' म्हणून विचारत नाही. लिनक्समधल्या डीडी ह्या लिहायच्या कमांडचंही तसंच. काही वर्षांपूर्वी मी घाईत एसडीसीच्या जागी एसडीबी टाइप केलं (लिनक्स डिस्कांना अशी नावं देतं), एकच अक्षर, आणि एसडीबी म्हणजे त्या वेळी लावून ठेवलेली माझी बाहेरची हार्डडिस्क होती. वडिलांनी लातूरला आणि तालुक्याला चकरा मारून मारून गोळा केलेले जुने फेरफार, सातबारे, आजोबांच्या नावचं खरेदीखत, सगळं मी स्कॅन करून त्यात ठेवलेलं. चार सेकंदात माझ्या लक्षात आलं आणि मी वायर ओढली, तरी सुरुवातीचा भाग गेला होता. मूळ कागद घरात होते म्हणून वाचलो, पण स्कॅन परत आले नाहीत. तेव्हापासून लिहायला बसताना पेनड्राइव्ह सोडून दुसरं काहीच मशीनला लावलेलं ठेवत नाही, आणि आधी एलएसबीएलके (लावलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) मारून साइज वाचते, मगच पुढची ओळ. तूही तेवढी सवय लाव.

आणि मित्राचा पेनड्राइव्ह परत करायच्या आधी त्याच्यासमोर एखादी मोठी फाईल टाकून उघडून दाखव, त्याचंही समाधान होईल.

प्रश्न : मी उदगीरला डीटीपीचं दुकान चालवते. आमच्याकडं नेट मधेमधे जातं, डाउनलोड ऐंशी टक्क्यावर जाऊन तुटतं आणि परत पहिल्यापासून. शिवाय गिऱ्हाईक कोणी मिंट मागतं कोणी उबंटू, प्रत्येकासाठी वेगळा पेनड्राइव्ह किती ठेवायचे?
(एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : ताई, तुटणाऱ्या नेटला टॉरेंट हेच औषध आहे. टॉरेंट म्हणलं की लोकांना चोरीचे सिनेमे आठवतात पण लिनक्सवाले स्वतःच आपल्या वेबसाईटवर टॉरेंटची लिंक देतात, त्यात काही बेकायदा नाही. फाईलचे छोटे छोटे तुकडे उतरतात, प्रत्येक तुकडा आल्याआल्या तपासला जातो, खराब असेल तर तेवढाच परत मागवला जातो, आणि नेट गेलं तर जिथं थांबलं तिथूनच पुढं. रात्री लावून झोपा.

साइज कमी आहे म्हणून काही जण डेबियनची नेटइन्स्ट आयएसओ घेतात, ती एक जीबीच्या आतली आहे खरी, पण बाकीचं सगळं ती इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. तुमच्या नेटवर ते गिऱ्हाईकासमोर अडकायचं. त्यापेक्षा पूर्ण आयएसओ एकदाच उतरवा.

पेनड्राइव्हचं म्हणाल तर तुमच्यासाठी वेंटॉय आहे. वर सरांना मी म्हणलं की आयएसओ कॉपी करून चालत नाही, वेंटॉयमधे मात्र चालतं. एकदा वेंटॉय पेनड्राइव्हवर बसवायचं (त्या वेळी सगळं पुसलं जातं), ते त्याचे दोन भाग करतं, एक ३२ एमबीचा छोटा, त्यात बूट करणारी यंत्रणा, आणि उरलेला मोठा भाग साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्या मोठ्या भागात मिंट, उबंटू, डेबियन, जे लागेल त्या आयएसओ नुसत्या टाका, चालू केल्यावर यादी येते, हवं ते निवडा. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर तुमचं दुकान भागेल. फक्त सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम उठू न देणारी मशीनमधली सोय) चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा निळी स्क्रीन येऊन की नोंदवायला सांगते, ते एकदाच करावं लागतं, घाबरून मशीन बंद करू नका.

मोठ्या साइजचा पेनड्राइव्ह घेताना मात्र फार स्वस्तातला घेऊ नका. बाजारात साइज खोटी दाखवणारे मिळतात, वर ६४ लिहिलेलं आणि आत जागा ८ चीच, फाईल कॉपी झाल्यासारखी दिसते आणि नंतर उघडत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, नवीन पेनड्राइव्ह आणला की पहिल्या दिवशीच ते चालवा, म्हणजे दुकानात परत करता येतो.

प्रश्न : सगळं बरोबर केलं, हॅशही (ती ६४ अक्षरांची ओळ) जुळली, तरी लॅपटॉप थेट विंडोजच उघडतो. पेनड्राइव्हकडं बघतच नाही.
(एक वाचक, वसमत)

उत्तर : मशीनला पेनड्राइव्हवरून चालू हो असं सांगावं लागतं. विंडोजमधेच शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट करा, निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' येतं, त्यातून पेनड्राइव्ह निवडा. ते दिसत नसेल तर चालू करताच डेलवर आणि बहुतेक लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा. एसरवर एफ१२ आधी बायोसमधे जाऊन चालू करून ठेवावं लागतं. मशीन डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावून बघा.

मिंट आणि उबंटू सिक्युअर बूट चालू असतानाही उठतात, म्हणून ते उगं बंद करायला जाऊ नका. करायचंच झालं तर आधी विंडोजमधे बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा आणि त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर सेटिंग बदलल्यावर विंडोज तीच मागतं आणि आतला डेटा कुणालाच उघडता येत नाही.

प्रश्न : माझा कॉम्प्युटर २००९ चा आहे, पेनड्राइव्हवरून चालूच होत नाही. डीव्हीडीवर जमेल का?
(एक निवृत्त कर्मचारी, धाराशिव)

उत्तर : जमेल काका. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, त्यात मिंट बसतं, उबंटू २४.०४ बसत नाही, ते सहा जीबीच्या घरात आहे. आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा, फाईल ओढून डीव्हीडीवर टाकू नका, आणि लिहून झाल्यावर तपासायची खूण तिथंच असते ती करून ठेवा. त्याआधी मशीन ६४ बिटचं आहे का ते मात्र बघून घ्या, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमधे सिस्टीम टाइपसमोर लिहिलेलं असतं. तिथं 'एक्स६४ प्रोसेसर' असेल तर विंडोज ३२ बिटचं असलं तरी अडचण नाही. प्रोसेसरच ३२ बिटचा असेल तर नवं मिंट चालणार नाही, मग मला रॅम किती आहे ते कळवा, पुढच्या अंकात त्याचं वेगळं बघू.