नांगर बंद केला, आता हरभऱ्याचे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोयाबीन कापणीला आले की विना नांगरणी पेरणीचे प्रश्न सुरू होतात. बहुतेकांचा घोळ एकच असतो, म्हणून निवडक प्रश्न इथे घेतो.

सोयाबीन निघाल्यावर नांगरणी-वखरणी न करता हरभरा पेरला तर चालतो का? (वाशीम)

चालतो. ओल असेपर्यंत पेरा, कापणीनंतर दिवस घालवू नका.

बियाण्याला बुरशीनाशक लावायचे की रायझोबियम? (जालना)

दोन्ही. आधी बुरशीनाशक, लागत असेल तर मग कीटकनाशक, रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरणारे जिवाणू) सगळ्यांत शेवटी. सावलीत सुकवून लगेच पेरणी.

गेल्या रब्बीत पहिल्यांदा नांगरट बंद केली. सोयाबीनचे कुटार विकले, उरलेले धसकट पेटवून रान साफ केले. हरभरा शेजाऱ्यापेक्षा कमी उतरला. तो म्हणतो, ही थेरं सोड. सोडू का? (हिंगोली)

शेजाऱ्याचे राहू द्या, आधी काडीपेटी सोडा. तुम्ही नांगर थांबवलात आणि जमीन उघडी ठेवलीत. याला संवर्धित मशागत म्हणत नाहीत. न नांगरणे, पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवणे आणि फेरपालट, ही तिन्ही कामे एकत्र व्हावी लागतात. लोक यातले पहिले तेवढे उचलतात, कारण त्यात डिझेल वाचते.

63 देशांतल्या 678 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विना नांगरणीने सर्व पिकांचे उत्पादन सरासरी 5 टक्क्यांनी घटलेले दिसले. भात आणि मक्यात साडेसात टक्क्यांच्या आसपास. कडधान्ये मात्र नांगरटीच्या बरोबरीत राहिली. न नांगरलेल्या जमिनीत सुरुवातीला नत्र सावकाश मोकळे होते. मक्याला ते जाणवते. हरभरा आपला नत्र मुळांवरच्या गाठींतून मिळवतो. उलट जमिनीत नायट्रेट फार झाले तर गाठी कमी धरतात.

त्याच आढाव्यात पहिल्या एक-दोन वर्षांत कडधान्यांचीही घट दिसते; पुढे ती भरून निघते. म्हणजे तुमची घट अनपेक्षित नाही. पण ती भरून यायची तर जमिनीवर आच्छादन हवे. कोरडवाहू हरभरा साठलेल्या ओलीवर जगतो. आच्छादन नसेल तर ऊन ती ओल खेचून घेते आणि वखर न घातल्याने वाचलेली ओल तशीच वाया जाते. शिवाय सोयाबीनचा पाला लवकर कुजतो, त्याचे आच्छादन टिकत नाही. फेरपालटात ज्वारी किंवा मका आणा, त्यांची धसकटे बराच काळ राहतात. कुटार जनावरांना लागते हे मान्य. निम्मे द्या, निम्मे रानात राहू द्या. पेटवू मात्र नका.

एक गोष्ट यंदाच तपासा. फुटभर खोल खड्डा खणून बघा. वर्षानुवर्षे रोटाव्हेटर फिरला असेल तर खाली कडक थर सापडेल. तसा थर असेल तर आधी तो फोडावा लागतो. कसा आणि केव्हा, ते माती बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला खड्ड्यापाशी न्या.

दुकानदार 'शून्य मशागत किट' देतोय. एकरी उत्पादन दुप्पट होते म्हणे. (लातूर)

पैसे खिशात ठेवा. वर सांगितलेल्या आढाव्यात कडधान्यांची बरोबरी आहे, दुप्पट नाही. फायदा खर्चात आणि ओलीत आहे.

तणासाठी ग्लायफोसेट मारतोय. मारू ना? (यवतमाळ)

भारतात त्याची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेपुरती आहे. 2022 मध्ये केंद्राने निर्बंध आणखी कडक केले. उभ्या सोयाबीनवर पडले तर सोयाबीनही जळते. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव असलेलेच औषध घ्या, तेही कृषी अधिकाऱ्याला विचारून.

सपाट रानात नांगरट न करता तूर घेतली. पावसात पाणी साचले, रोपे वाळली. (परभणी)

भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा आधी. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने याच जमिनींसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत पुढे आणली. वरंबे कायमचे ठेवून त्यांवर न नांगरता पेरता येते. पण रोपे पाण्याने वाळली की मर रोगाने, हे ठरवायला उपटलेले रोप दाखवा. खोड उभे चिरून आत काळी-तपकिरी रेघ दिसली तर मर समजा. ती बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. त्या रानात पुन्हा तूर घेऊ नका.

धानाच्या काडात पेरलेल्या हरभऱ्याची रोपे जमिनीलगत कुजतात, पांढरी बुरशी दिसते. (भंडारा)

मानकुजीची शक्यता आहे. न कुजलेले काड आणि जास्त ओल तिला मानवते. ओळीवरचे काड बाजूला सारा, पुढच्या वेळी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लावा. मोहरीसारखे गोल दाणे बुरशीत दिसतात का बघा आणि नमुना केंद्रावर न्या. लवकर न्या, कुजून गेलेल्या रोपावरून काही कळत नाही.

नांगरट नसली की घाटेअळीचे कोष मरत नाहीत, हे खरे? (अमरावती)

काही अंशी खरे. म्हणून एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा, अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला पक्षिथांबे उभारा. ओळीच्या मीटरभर लांबीत एक-दोन अळ्या दिसल्या की फवारणीचा सल्ला घ्या. घाटे पोखरल्यावर फोन करून उपयोग नाही.