क्लब निवडताना: भाचीला पत्र

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कॉलेज सुरू होताच कॉम्प्युटरच्या कितीतरी क्लबांचे फॉर्म हातात पडले, आणि वर्गातली पोरं सगळीकडे नावं घालतायत म्हणून तुलाही तसंच करावंसं वाटतंय. तसं करू नकोस. महिनाभर दोन-तीन ठिकाणच्या बैठकांना जाऊन बस, मग एकच क्लब धर आणि तिथे निदान दोन वर्षं टिक.

कुठला, हे पोस्टरवरून कळत नाही. बैठक संपल्यावर कोणी लॅपटॉप उघडून बसतं का, एखाद्या नव्या मुलीने "मला हे समजलं नाही" म्हटलं तर कोणी तिच्याशेजारी खुर्ची ओढतं का, एवढं बघ. एसीएम ही कॉम्प्युटरवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४७ची, आपली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ची. नावं मोठीच आहेत. पण कॉलेजातली शाखा चालते ती त्या त्या वर्षीच्या चार-पाच पोरांच्या जिवावर.

आत गेल्यावर पद मागू नकोस. आपल्या गणपती मंडळात बॅनरवर कोणाचा फोटो आहे याने काही अडत नाही, मांडवाच्या लाइटचं बघणारा गावाला गेला की सगळं अडतं. क्लबातही तेच. वेबसाइटचं डोमेन, होस्टिंगचं लॉगिन, मागच्या स्पर्धेचे प्रश्न, हे सगळं बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाच्या कुणाच्या तरी स्वतःच्या खात्यावर असतं. तो नोकरीला लागून बंगळुरूला जातो आणि पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरू करते. हे निस्तरायचं काम तू माग. सगळं क्लबाच्या एका खात्यावर आण, कोड गिटवर (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) टाक, नव्या माणसाला साइट चालू कशी करायची ते पानभर लिहून ठेव. डीएनएस (साइटचं नाव योग्य सर्व्हरला जोडणारी व्यवस्था), परवानग्या, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं, हे वर्गात सहसा हाताखालून जात नाही. इथे जाईल.

कोडिंग स्पर्धांची आवड असेल तर आयसीपीसीची, म्हणजे कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेची, तयारी कर, आणि एकटीने करू नकोस. तिघांची टीम, एकच कॉम्प्युटर, पाच तास. एकाच्या हातात कीबोर्ड असतो, तेव्हा उरलेले दोघे कागदावर विचार करत असतात. कीबोर्ड मागण्याआधी आपली कल्पना शेजारच्याला नीट समजावून सांगावी लागते, आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात. नंतर सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनची वीस मिनिटं चढतात, त्यामुळे "टाकून तर बघू" ही सवय आपोआप सुटते. दर शनिवारी जुना पेपर घेऊन घड्याळ लावून बसा. नंबर येवो न येवो, विचार मोठ्याने मांडायची ही सवय मुलाखतीत फार उपयोगी पडते.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी स्पर्धेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. टीम सहा जणांची असते आणि तिच्यात किमान एक मुलगी असावीच लागते. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की अनोळखी मुलं तुझं नाव मागायला येतील. सरळ विचार, "यातला कुठला भाग मी बनवणार?" उत्तर पीपीटी असं आलं तर नाही म्हण. त्यापेक्षा स्वतःच टीम उभी कर.

आता कॉलेजच्या वस्तू. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते, तेव्हा तिथले प्राचार्य गज्जर यांनी त्यांची फोटोग्राफीची ओढ ओळखून त्यांना संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. ते कलाभवन, १८९०चं, म्हणजे तू रोज जातेस ती जागा. मागणाऱ्याला इथे मिळतं, ही या शहराची जुनी रीत आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. लॅब रिकामी कधी असते, चांगली मशीन कुठली, हे लॅबमधल्या भाईंना सगळ्यात आधी माहीत असतं. त्यांच्याशी गुजरातीत बोल, नाव विचार, आणि काम झालं की मशीन बंद करून खुर्ची जागेवर ठेव.

विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीचं कार्ड याच आठवड्यात काढ. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना २०२५ पासून सुरू झाली आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना मोफत वाचता येतात, आणि तिचा कारभार बघणारी इन्फ्लिबनेट ही संस्था आपल्या गांधीनगरातच आहे. लॉगिन कसं मिळतं ते काउंटरवर विचार. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा विद्यार्थ्यांसाठीचा साधनांचा पॅकही कॉलेजच्या ओळखपत्रावर फुकट मिळतो, तो घेऊन टाक.

ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरला हातभार लावायची, घाई नको. नव्यांना अशा कामाशी जोडणारा गूगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, पुढच्या वर्षीही असेल. मात्र अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात ओळख काढून तिथे काही होत नाही. तू रोज वापरतेस अशा एखाद्या साधनाच्या सूचनांमध्ये चुकीची ओळ दिसली की ती दुरुस्त करून पाठव. सुरुवात तेवढीच पुरे.

इंग्रजी अडखळतं म्हणून बैठकीत गप्प बसतेस, असं ताई म्हणाली. मराठीत विचार, गुजरातीत विचार, पण त्याच दिवशी विचार. बडोद्यात दोन्ही समजणारं कोणी ना कोणी खोलीत असतंच.

दिवाळीला मी दांडिया बाजारात आहे. लॅपटॉप घेऊन ये, क्लबाच्या साइटचा कोड मला दाखव. दुपारभर बसू.

तुझा,
मामा