पॅचखाली हवा असू द्या

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ बोर्डवर (काचतंतू-इपॉक्सीचा नेहमीचा सर्किट बोर्ड) वाय-फायचा पॅच अँटेना (खाली ग्राउंडचा पत्रा, वर धातूचा सपाट तुकडा) डिझाइन केला. बँडविड्थ (अँटेना नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) ६५ मेगाहर्ट्झ आणि गेन (समोरच्या दिशेला लहरी किती जोरात जातात) जेमतेम २.५ डीबी येतो. ग्राउंडमध्ये खाचा पाडल्यावर बँडविड्थ वाढली, पण गेन आणखी घसरला. दोन्ही एकदम वाढवता येतात का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : येतात, पण त्यासाठी तो बोर्ड सोडावा लागेल.

एफआर-४ स्वस्त आहे, कुठल्याही पीसीबीवाल्याकडे मिळतो, म्हणून सगळे प्रोजेक्ट त्याच्यावरच होतात. मात्र २.४५ गिगाहर्ट्झला तो ऊर्जा खातो. तुमच्या पॅचची डायरेक्टिव्हिटी, म्हणजे काहीच ऊर्जा वाया गेली नाही तर मिळणारा गेन, साडेसहा डीबीच्या आसपास असणार. हातात अडीच येतात, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी निम्म्याहून अधिक बोर्ड तापवण्यात जाते. तुमच्या ६५ मेगाहर्ट्झमधलाही बराच वाटा या लॉसचाच आहे. म्हणून नुसता रिटर्न लॉसचा (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचा) आलेख पाहून अँटेना चांगला ठरवणं मला मुळीच पटत नाही. कनेक्टरला ५० ओहमचा रेझिस्टर जोडला तर आलेख सगळ्यांत रुंद दिसेल, आणि हवेत काहीच जाणार नाही! परीक्षक म्हणून बसतो तेव्हा मी आधी एफिशियन्सी विचारतो, म्हणजे दिलेल्यापैकी किती पॉवर हवेत जाते ते.

खाचांमुळे लहरी मागच्या बाजूनेही सुटतात, म्हणून समोरचा गेन पडला.

आता असं करा. तांब्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा पॅच म्हणून घ्या आणि ग्राउंडच्या पत्र्यापासून ६ मिमी वर, नायलॉनच्या स्पेसरवर बसवा. मध्ये फक्त हवा. बोर्डवर पॅचची लांबी २९ मिमीच्या आसपास होती, ती आता साधारण ५३ मिमी लागेल. ग्राउंड चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठं ठेवा. एसएमए कनेक्टरची (केबल जोडायचा स्क्रूचा कनेक्टर) पिन मध्यापासून कडेकडे सरकवत ५० ओहमची, म्हणजे केबलशी जुळणारी, जागा शोधा. वाय-फायला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ पुरेत; हा पॅच शंभर मेगाहर्ट्झच्या वर जातो आणि गेन साडेआठ-नऊ डीबीपर्यंत मिळतो.

बँडविड्थ आणखी हवी म्हणून पॅचची उंची वाढवली, तर लांब पिनचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) केबलशी मॅचिंग बिघडवतो. त्यावर उपाय म्हणजे पॅचमध्ये यू आकाराची फट. १९९५ मध्ये ह्युइन आणि ली या संशोधकांनी अशा पॅचची ३० टक्क्यांहून जास्त बँडविड्थ दाखवली.

अँटेनाला जागा लागतेच. चू या संशोधकांनी १९४८ मध्येच गणिताने दाखवलं की लहान अँटेनाची बँडविड्थ त्याच्या आकाराने बांधलेली असते. मोबाइलच्या अँटेनावर काम करणारे रोज या मर्यादेशी झगडतात. तुमच्या प्रोजेक्टला जागेची अडचण नाही, मग ती वापरा.

गेन मोजाच. दोन सारखे पॅच करा, गच्चीवर उंच स्टँडवर २ मीटर अंतरावर समोरासमोर ठेवा. एवढ्या अंतरात हवेतला लॉस ४६ डीबी असतो. नेटवर्क अनालायझरवर (एका अँटेनातून दुसऱ्यात किती सिग्नल पोचला ते मोजणारं यंत्र) उणे २९च्या आसपास आकडा आला, तर प्रत्येकी साडेआठ डीबी मिळाले. एफआर-४च्या जोडीला उणे ४१ येईल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.