लंडनमधल्या फुलहॅम फुटबॉल क्लबच्या मैदानावर, क्रेव्हन कॉटेजला, पाहुण्या संघाचा समर्थक म्हणून पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच

तिकीट फुलहॅमकडून नाही, आपल्याच क्लबकडून घे. पाहुण्या समर्थकांचा कोटा तिथूनच विकला जातो, आणि प्रीमियर लीगमध्ये त्याची किंमत 30 पौंडांच्या वर जात नाही. यजमान फुलहॅमच्या स्टँडचं तिकीट मिळालं म्हणून आपली जर्सी घालून तिथे बसायचं अजिबात मनात आणू नकोस. बाहेर काढतात.

पटनी ब्रिज स्टेशनला उतर आणि रस्त्याने न जाता बिशप्स पार्कमधून चालत जा. डाव्या हाताला थेम्स, डोक्यावर मोठमोठी झाडं, पुढेमागे दोन्ही संघांचे मफलर. इतकी सुंदर वाट मला दुसऱ्या कुठल्याच मैदानाला मिळालेली नाही. आपली जागा पटनी एंडला, म्हणजे गोलमागच्या स्टँडमध्ये; बागेतून येताना आधी तीच लागते.

पण लगेच आत शिरू नकोस. तसाच स्टीव्हनेज रोडवर जा. तिथली लाल विटांची भिंत म्हणजे 1905 साली स्टेडियमचा वास्तुविशारद आर्चिबाल्ड लीचने बांधलेला स्टँड. आता त्याला फुलहॅमचा जुना खेळाडू जॉनी हेन्सचं नाव आहे, बाहेर त्याचा पुतळाही आहे. आत जुन्या लाकडी खुर्च्या अजून आहेत. कोपऱ्यातलं ते बाल्कनीवालं छोटं घर मात्र आपल्या जागेवरूनच बघ. खेळाडू तिथूनच मैदानात येतात.

बिअर आतल्या पॅसेजमध्येच संपव, मैदान दिसेल तिथे नेता येत नाही. मोठी सॅक घरी ठेव. आणि नदीचा वारा बोचतो रे, जाड जॅकेट घे. आपले लोक नव्वद मिनिटं उभेच असतात, तूही उभा राहा, गा.