गगनबावडा गाठायचाय, पण चाळीस किलोमीटरला पाय संपतात

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय 36. चार महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली, रोज सकाळी रंकाळ्याला जाऊन येते. आमच्या ग्रुपनं डिसेंबरमध्ये गगनबावडा जाऊन-येऊन करायचं ठरवलंय, म्हणजे 110 किलोमीटर. मी एकदा 40 केले तर शेवटी पायात जीवच नव्हता, शिवाय हाताला मुंग्या येतात. अडीच महिन्यांत जमेल का? पुढं 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, पण करायची इच्छा आहे.

उत्तर: जमेल, अगदी नक्की जमेल. पण मला आधी सांगा, त्या 40 किलोमीटरमध्ये तुम्ही खाल्लं काय? माझा अंदाज आहे की काहीच नाही. मी पहिल्यांदा गगनबावड्याला गेले तेव्हा सकाळी एक वाटी पोहे खाल्ले आणि बास, जाताना ग्रुपच्या मागं लागून जोरात गेले, आणि परत येताना कळे गावाच्या अलीकडं एकदम अंधारी आली, हात थरथरायला लागले, ब्रेक दाबायची ताकद नव्हती. एका दुकानाच्या पायरीवर बसले तर आतल्या मावशींनी न विचारता गुळाचा खडा हातावर ठेवला आणि वर चहा दिला. वीस मिनिटांत माणसात आले. पाय कमजोर नव्हते हो, पोटात काही नव्हतं!

म्हणून भूक लागायची वाट बघायची नाही. दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, केळं, खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, आपल्याकडं गुळाला काय तोटा आहे. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. आदल्या रात्री तांबडा रस्सा नको, परत आल्यावर पोटभर खा.

दुसरं म्हणजे दमानं. बोलता येईल इतक्याच वेगानं चालवायची, धाप लागली की गिअर हलका करायचा. उजवा पाय 15 सेकंदात किती वेळा खाली येतो ते मोजा, 20 च्या आसपास आला तर छान, 14-15 येत असेल तर गिअर जड आहे आणि सगळा भार गुडघ्यावर पडतोय.

आठवड्यात दोन दिवस तासभर चालवा आणि रविवारी लांब राईड, 40 पासून सुरू करून दर रविवारी पाचएक किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करून विश्रांती घ्या. शेवटी शेवटी आठ-दहाची उडी चालेल. 75-80 झाले की 110 होतातच. मधे एखाद्या रविवारी केर्लीवरून वाघबीळ चढून पन्हाळ्याला जा, चढाची भीती तिथंच जाते. शेवटचा आठवडा अगदी हलका ठेवा.

हाताच्या मुंग्या बहुतेक सीटमुळं. टाच पेडलवर ठेवून पेडल पूर्ण खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी उंची बरोबर. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर अंग पुढं घसरतं आणि सगळं वजन तळहातावर येतं, ते सपाट करून घ्या, कोपर थोडं सैल ठेवा, हाताची जागा बदलत राहा. पॅडवाली शॉर्ट घ्याच, तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. एवढं करूनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

डिसेंबर म्हणजे ऊसाचा सीझन, अंधारात निघणार असाल तर मागं लाल लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवंच, कारण बऱ्याच ट्रॉल्यांना मागं काहीच चमकत नाही आणि ऊस रस्त्यावर लोंबत असतो, घाईनं ओव्हरटेक करू नका. स्पेअर ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, पंप बरोबर ठेवा आणि पंक्चर घरी एकदा स्वतः काढून बघा. वर पोचल्यावर करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरून बघू असं कोणीतरी म्हणणारच, यावेळी नको, उतरलं की तेवढंच परत चढायचं असतं.

बीआरएमच्या 200 ला साडेतेरा तास मिळतात, थांबणं-खाणं सगळं धरून. ते नंतर बघू, आधी गगनबावडा करून या आणि कुठं काय खाल्लं ते मला कळवा.