दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

तुमची यादी वाचली: दोन गोल्डफिश, एक एंजल, दहा नियॉन टेट्रा, चार टायगर बार्ब, एक 'शार्क' आणि काच साफ ठेवायला एक सकर. टाकी 24×12×15 इंच, म्हणजे कागदावर 70 लिटर. वाळू-दगड घालून वर थोडी जागा सोडली की प्रत्यक्षात 60 लिटरच पाणी मावतं. त्यात पाणी बोअरचं. माझी पहिली यादी याहून वाईट होती, त्यामुळे हसत नाही.

आधी कात्री लावू. गोल्डफिश थंड पाण्याचा, खादाड आणि घाण करणारा, तो या मंडळींत नकोच. दुकानातला चार इंची चंदेरी 'शार्क' म्हणजे पंगस. आपल्याकडे हॉटेलात बासा म्हणून बहुतेक वेळा ताटात येतो तोच, आणि तो चार फुटांपर्यंत वाढतो! सकर फूट-दीड फुटाचा होतो. मोठेपणी शेवाळ कमी खातो आणि लेंड्याच जास्त टाकतो. मग वैतागून लोक त्याला तळ्यात सोडून येतात. ते मात्र कधीच करू नका, तिथल्या माशांच्या तो मुळावर उठतो. टायगर बार्ब चारच ठेवले की दुसऱ्यांच्या परांचे लचके तोडत बसतात.

आता एंजल आणि नियॉन. दुकानदार म्हणेल, "दोघं शांत आहेत." माझा एंजल आणला तेव्हा रुपयाएवढा होता. सातआठ महिन्यांनी रोज सकाळी एकेक नियॉन कमी व्हायला लागला. मी फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागे पाहिलं, मांजरावरही संशय घेतला. मग एकदा पहाटे दिवा लावला तर एंजलच्या तोंडातून लाल शेपटी बाहेर लोंबत होती. त्याचा काही दोष नाही. तोंडात मावेल तो मासा खाद्यच. म्हणून मासा घेताना त्याचं आजचं माप बघू नका, पूर्ण वाढल्यावरचं बघा.

पण खरा निर्णय पाण्याचा. तुमच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, साबणाला नीट फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. नियॉन मूळचा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. त्याच्यासाठी आरओचं पाणी मिसळत बसणं पहिल्याच टाकीत झेपत नाही. उलट प्लॅटी, गप्पी, मॉली जड पाण्यात मजेत असतात.

तुमच्या जागी मी हे घेईन: आठ झेब्रा डॅनियो, चार-पाच प्लॅटी (सगळे नर, नाहीतर दर महिन्याला पिल्लं) आणि तळाला पाच-सहा ब्राँझ कोरीडोरस. पाणी अतिच जड निघालं तर कोरीडोरस गाळा. झेब्रा आपल्याच उपखंडातला, स्वस्त, काटक, दिवसभर वरच्या थरात पळणारा. त्याच्या सोबत गप्पी टाळा. लांब शेपट्या दिसल्या की त्याला कुरतडायची हुक्की येते. कोरीडोरससाठी बारीक वाळू हवी, टोकदार खड्यांवर त्याच्या मिशा झिजतात. मधूनच तो सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो. घाबरू नका, ती त्याची सवय आहे. या तीन जातींत थांबा. दुकानात प्रत्येकाचा एकेक नमुना उचलायचा मोह होतो, पण एकटा पडलेला झेब्रा किंवा कोरीडोरस एकतर कोपऱ्यात लपतो, नाहीतर दुसऱ्यांच्या मागे लागतो.

मासे आणायच्या आधी फिल्टर चालू ठेवून टाकी सायकल करा, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. थोडं खाद्य किंवा अमोनिया घालत राहायचं. चार-सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी झेब्रा, दोन आठवड्यांनी प्लॅटी, सगळ्यात शेवटी कोरीडोरस. हीटर 25 अंशांवर ठेवा. मे महिन्यात मात्र तो बंद करा, झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर वारा लागेल असा लावा. दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी भराभर उडतं, तेवढं आरओचं घालत राहा.